पुनवेपासून लईराईपर्यंत

जुलै महिन्यात डिचोली तालुक्यातल्या कुणाच्याही परसात डोकावून बघा. जास्वंद हिरवीगार, अबोली भिंतीच्या आडोशाला तग धरून, अनंताला कळ्या. आणि कोपऱ्यात चार काटेरी काड्या उभ्या. टोकाला दोन-चार पानं, त्यांच्यावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके, बाकीची पानं पिवळी पडून खाली चिखलात. डिसेंबरात ओंजळभर फूल देणारा गुलाब तो हाच. घरातलं कुणीतरी "आमच्या हवेत गुलाब होत नाही" म्हणून विषय संपवतं आणि पुढच्या हिवाळ्यात बाजारातून पुन्हा नवं रोप येतं.

मीही हे बरीच वर्षं केलं. एका वर्षी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकदम सात रोपं आणली. विकणाऱ्याने प्रत्येकाला एकेक रंगीत चित्र टाचलं होतं. गर्द पिवळा, केशरी, लाल-पिवळा दुरंगी, निळा म्हणून विकलेला एक जांभळट. चवथीपर्यंत पाच गेली. सहाव्याने कशीबशी दोन फुलं दिली. सातवं मात्र असं माजलं की विचारू नका. वावभर लांब लवचिक काड्या, भरगच्च पानं, रोगाचं नाव नाही. मी कौतुकाने खत घालत राहिलो. दोन वर्षं झाली तरी कळी म्हणून नाही. मग एकदा हरमलहून मामी आली. तिने एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तुझा गुलाब नव्हेच. गुलाब कधीच मेला. हा त्याचा खुंट."

ती काय बघत होती ते आधी सांगतो, कारण गुलाब पाळणाऱ्याने पहिल्यांदा शिकावं ते हेच. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना एक पातळ हिरवी झालर असते. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या गुलाबात तिची कड बहुधा साधी असते. 'मल्टिफ्लोरा' जातीच्या खुंटात हीच कड फणीच्या दातांसारखी कातरलेली दिसते. डोळ्याजवळ धरली की चूक होत नाही. पाच पानांची ती कलमी आणि सात पानांची ती जंगली, असा एक नियम सगळीकडे ऐकू येतो. तो भरवशाचा नाही. चांगल्या गुलाबालाही जोरात वाढताना सात पानं येतात, आणि त्या नियमाने माणसं स्वतःच्या हाताने चांगला फुटवा छाटून टाकतात.

विकत आणलेला गुलाब म्हणजे बहुतेक वेळा एका झाडावर बसवलेलं दुसरं झाड. मुळं खुंटाची, वरचा भाग आपल्या पसंतीचा. जोडाच्या खालून फुटवा आला की तो खुंटाचा. तो वेळीच काढला नाही तर मुळांचं सगळं अन्न तोच ओढतो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. काढतानाही कात्रीने कापायचा नाही. माती बाजूला सारून, जिथून निघाला तिथपर्यंत जाऊन, हिसडा देऊन ओरबाडायचा. कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून त्याच जागी चार येतात.

ते सातवं झाड मी उपटलं नाही. पुढे त्याचा फार उपयोग झाला, तो ओघात येईल.

कूळ विचारावं

गोव्यात कूळ हा शब्द काढला की लोकांना आधी जमीन आणि कोर्ट आठवतं. गुलाबाच्या बाबतीत मात्र कूळ विचारल्याशिवाय रोप घेऊच नये असं माझं मत झालं आहे. चित्र बघून घेतलेले माझे पाच गुलाब कुळामुळेच गेले.

गुलाबाच्या रानटी जाती जगात सुमारे दीडशे. गोव्याची म्हणावी अशी एकही नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, पांढऱ्या फुलांची एक चढणारी जात सापडते. बागेतले गुलाब झाले ते या रानटी जातींच्या संकरांतून. त्यात आपल्या कामाच्या गोष्टी दोन.

पहिली चीनकडची. चीनमध्ये शेकडो वर्षं बागेत वाढवलेले, जवळजवळ बारमाही फुलणारे गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले. जहाजं कलकत्त्यावरून जात, म्हणून फ्रेंचांनी त्यांना 'बंगालचा गुलाब' असंच नाव दिलं. उन्हाळा, दमट हवा, थंडीचा अभाव, हे सगळं या घराण्याला अंगवळणी आहे. युरोपचे बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. वर्षभर फुलण्याचा गुण त्यांच्यात आला तो या घराण्यातून.

दुसरी गोष्ट पश्चिम आशियातली. युरोपातल्या बागेतल्या गुलाबांत गर्द, न विटणारा पिवळा रंग नव्हता. तो 'रोझा फेटिडा' या कोरड्या मुलखातल्या जातीत होता. फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या पेर्ने-ड्युशे या रोपवाल्याने खूप वर्षं खटपट करून तिचं रक्त बागेतल्या गुलाबात आणलं आणि १९०० साली 'सोलेय दॉर' नावाचा गुलाब बाजारात आला. आजचे पिवळे, केशरी, दुरंगी गुलाब पाहिले की त्यांच्या वंशावळीत कुठेतरी हा पूर्वज सापडतो. रंगाबरोबर त्याने आणखी एक देणगी दिली. कोरड्या हवेतल्या त्या झाडाला काळ्या ठिपक्याच्या रोगाशी झुंजायची सवयच नव्हती. ती दुबळी बाजूही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. या घराण्याला पेर्नेवरून 'पर्नेशियाना' म्हणतात. पोर्तुगीज दप्तरात आपल्या पेडण्याचं नाव 'पर्नेम'. नावं एवढी जवळची, पण पर्नेशियानाला पर्नेमचा पाऊस सोसत नाही.

का सोसत नाही ते बघायचं तर रोग कसा लागतो ते कळायला हवं. काळा ठिपका ही बुरशी. तिचे बीजाणू पानावर नुसते पडून काही होत नाही. ते रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं. पुण्या-नाशकाकडे पान तेवढा वेळ ओलं राहणारे दिवस मोजके. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि त्या काळात पान सात तास कोरडं राहिलं तर नवल. बुरशी आत शिरली की आठवड्याभरात ठिपका दिसतो. त्याची कड गोल, स्वच्छ नसते, झिरमिळलेली असते. भोवती पिवळं वलय येतं आणि पान गळतं. गळलेल्या पानावर पावसाचा थेंब आदळला की बीजाणू उडून वरच्या पानावर. म्हणून रोग नेहमी खालून वर चढतो. पानं गेली की झाड काडीतलं साठवलेलं अन्न वापरून नवी पानं काढतं, तीही जातात. असं तीनदा झालं की काडी वरून काळी पडत खाली मरत येते. तुमचा गुलाब पावसाने बुडून मरत नाही. पानांशिवाय उपाशी मरतो.

मग लावायचं काय

वेगळे गुलाब हवेत ही हौस सोडायचं कारण नाही. नजर थोडी वळवावी लागते, एवढंच. मोठं, टोकदार, फुलवाल्याकडचं फूल म्हणजेच गुलाब हे डोक्यातून काढलं की चीनच्या घराण्यातले विचित्र नमुने समोर येतात.

माझा सगळ्यात लाडका हिरवा गुलाब. त्याला पाकळ्या नाहीतच. पाकळीच्या जागीही निदलंच, म्हणजे कळीला वेढणारी हिरवी पानं, थरावर थर. फूल जुनं झालं की त्यावर तांबूस छटा चढते. परागही नाहीत, त्यामुळे बी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून निव्वळ काड्या आणि कलमांवर तो चालत आला आहे. पाकळी नाही म्हणून पावसात सडायलाही काही नाही. देवाला वाहता येत नाही, अशी आईची तक्रार आहे.

'म्युटाबिलिस' हा दुसरा. पाचच पाकळ्या. उमलताना पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग किरमिजी. एका झुडपावर तिन्ही रंगांची फुलं एकदम असतात. 'ओल्ड ब्लश' हा साधा, फिकट गुलाबी, झुबक्यांत येणारा. दिसायला नवल नाही, पण अनोखेपण त्याच्या न थांबण्यात आहे. ऑगस्टच्या पावसातही चार फुलं असतात.

पाकळ्यांच्या संख्येकडे मुद्दाम लक्ष द्या. भरगच्च कळी पावसात भिजली आणि मग ऊन पडलं की बाहेरच्या पाकळ्या वाळून कागदासारख्या चिकटतात. आतली कळी त्या कवचात अडकते आणि न उमलताच कुजते. पाच ते पंधरा पाकळ्यांच्या फुलाला हा त्रास फारसा नाही. उन्हाळ्यात उलटा प्रकार. भरगच्च फूलही घाईने उमलतं, लहान होतं, रंग उडतो. म्हणून चाळीस-पन्नास पाकळ्यांची हौस असेल तर ती कुंडीत करावी आणि त्याचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच धरावेत. 'डबल डिलाइट' मी असाच ठेवतो. १९७७ सालचा हा अमेरिकन गुलाब कळीत मलईच्या रंगाचा असतो आणि ऊन लागेल तशी कड लाल होत जाते. पडवीत ठेवलात तर लाल चढतच नाही. पिवळ्या कुळाचा असल्यामुळे पावसाळ्यात त्याची फार मनधरणी करावी लागते, पण सुवासापुढे माझा इलाज चालत नाही.

आपल्या देशातल्या संकरांकडे लोक अजून पुरेसे वळत नाहीत याचं मला वाईट वाटतं. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि हौसेने गुलाब तयार करणारे. त्यांचा १९६२ सालचा 'रोझ शरबत' नावाप्रमाणेच वासाचा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या 'मोहिनी'ला चॉकलेटी झाक आहे. तिथलाच पट्ट्यापट्ट्यांचा 'अभिसारिका' किरणोत्साराच्या प्रयोगातून निघाला. आणि कोडईकनालला सनदी नोकरी सोडून गेलेले वीरू वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन यांनी तर गरम, दमट मुलखासाठीच गुलाब घडवायचे असं ठरवून काम केलं. त्यासाठी त्यांनी दोन रानटी जाती निवडल्या. एक मणिपूरच्या डोंगरांतली 'रोझा जायगँटिआ', जिची नोंद सर जॉर्ज वॉट यांनी १८८२ साली केली. दुसरी बंगाल-बिहारकडची 'रोझा क्लायनोफिला', नदीकाठी पुराच्या पाण्यात उभी राहू शकणारी. गुलाब आणि पाण्यात उभा! आपल्यासाठी याहून योग्य पूर्वज कोण? वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्या नावाचा त्यांचा एक गुलाब आहे. असं रोप म्हापशाच्या बाजारात दिसणार नाही. ओळखीपाळखीतून काडी मिळवावी लागते, आणि म्हणून डोळा भरायला, म्हणजे काडीवरचा डोळा खुंटाच्या सालीत बसवायला, शिकावं लागतं.

निळ्या गुलाबाचं थोडक्यात उरकतो. गुलाबात निळा रंग देणारं द्रव्यच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या झाडाचं जनुक घालून केलेला आणि २००९ पासून विकलेला गुलाबही जांभळटच दिसतो. सप्तरंगी फूल म्हणजे पांढऱ्या फुलाचा दांडा चिरून चिरफळ्या वेगवेगळ्या रंगाच्या पाण्यात बुडवलेल्या. आणि या दोन्हींचं बी पाकिटातून विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कलमी गुलाबाचं खरं बी लावलं तरी मूळ झाडासारखं फूल येत नाही.

तांबडी माती, पांढरी रेती

आमच्या डिचोलीकडे जांभ्याची तांबडी माती. मामीकडे हरमलला रेती. दोन तालुक्यांत अंतर फार नाही, पण गुलाबाच्या दृष्टीने हे दोन देश.

जांभ्याच्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, चुना पावसाने धुऊन गेलेला, त्यामुळे ती आंबट. गुलाबाला किंचित आंबट, सामू सहा ते साडेसहा, अशी माती मानवते. त्याहून खाली गेली की लोह-अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात आणि घातलेलं खत मुळाला मिळत नाही. उपाय जुनाच, चुना किंवा लाकडाची राख. आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून वाफ्यात मिसळतात. त्या सावकाश विरघळतात, म्हणून जास्त झाल्या तरी झाडाला दणका बसत नाही. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये, खतातला नत्र वासावाटे उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. अंदाजाने चुना ओतण्याआधी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात मातीचा नमुना द्यावा हे बरं.

जमीन सपाट खणून त्यात गुलाब लावू नये. जांभ्यात खड्डा खणला की पावसाळ्यात त्याची विहीर होते. आम्ही चिऱ्यांचे दोन थर रचून गादीवाफा करतो. तळाला चिऱ्याच्या कपच्या, वर माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड रेती. पाणी पडलं की निथळून गेलं पाहिजे. ही एक गोष्ट जमली तर अर्धी लढाई जिंकली.

हरमल-मोरजीकडे निथळायची चिंता नाही, टिकायची आहे. रेतीत घातलेलं पाणी आणि खत दोन्ही खाली पळतात. मामी वाफ्याच्या तळाशी नारळाची सोडणं उताणी घालते, माडाच्या खड्ड्यात घालतात तशी. ती स्पंजासारखं पाणी धरतात. तिचा खरा शत्रू मीठ. समुद्राचा वारा आणि मे महिन्यात मचूळ होणारी विहीर. मीठ साठलं की पानांच्या कडा करपतात आणि लोक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतात, जे स्वतःच एक मीठ आहे. मामी अशा वेळी खत थांबवते आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने वाफा तुडुंब भिजवून मीठ खाली लोटते. माडाला घालतात ती सुक्या मासळीची कुटी गुलाबाला घालायची तर ती खारवलेली नसावी, हेही तिच्याकडूनच ऐकलं.

रोप लावताना पिशवी फाडून आतली हुंडी तशीच वाफ्यात बसवू नका. घाटावरून येणारी रोपं काळ्या चिकट मातीत असतात. भोवती आपली मोकळी माती आणि मध्ये चिकणमातीचा गोळा, असं झालं की तो गोळा उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात चिखल. हुंडी अर्धा तास बादलीत भिजत ठेवून कडेची माती अलगद सुटी करावी. डोळा भरलेली गाठ जमिनीच्या दोन बोटं वर राहिली पाहिजे. बर्फाच्या देशांत ती गाडतात, ते पुस्तकात वाचून इथे करू नये. आपल्याकडे गाडलेली गाठ कुजते. ऊन सकाळचं हवं, निदान सहा तास.

पुनव झाली की सिकेटर

गुलाबाचं वर्ष आमच्याकडे कोजागरीला सुरू होतं. पेडण्याची पुनव झाली, पावसाने पाठ फिरवली, की सिकेटर बाहेर काढायचा. छाटणीपासून फुलापर्यंत मोठ्या फुलांच्या गुलाबाला साधारण दीड महिना लागतो. नाताळात फुलं हवी असतील तर दिवाळीच्या गडबडीतून वेळ काढून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी व्हायला हवी. मी एकदम सगळी झाडं छाटत नाही. आठ-आठ दिवसांनी तीन-तीन.

आधी मेलेलं काढायचं. काळी पडलेली काडी कापली की आतला गर बघा. तपकिरी असेल तर आणखी खाली या, पांढरा-हिरवा दिसेपर्यंत. मग एकमेकींना घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या. उरलेल्या चार-पाच जोमदार काड्या गुडघ्याएवढ्या ठेवाव्यात. बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. चीनच्या घराण्याला एवढं छाटायचं नाही. त्यांना आकारापुरतं खुडलं की पुरे, जास्त छाटलं तर ती रुसतात. कापांना बोर्डो पेस्ट लावतो.

बोर्डो हे नाव कुळागर असलेल्या घरात सांगावं लागत नाही. सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्याआधी फवारतात तेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळे विरघळवून मग एकत्र करायचे, आणि घासलेल्या विळ्याचं पातं त्यात धरून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना हवा. सुपारीला चालतं ते पूर्ण ताकदीचं गुलाबाच्या कोवळ्या पानांवर मारलं तर डाग पडतात. मी निम्म्या ताकदीचं वापरतो, तेही पान जून झाल्यावर. पेस्ट मात्र घट्ट हवी, तेवढ्याच मोरचूद-चुन्याला दहा लिटर पाणी.

छाटणीनंतर आठ दिवसांनी झाडाभोवतीची माती हलकी उकरून दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. निंबोळी वाळवीलाही थोडी दूर ठेवते. कळ्या दिसू लागल्या की पंधरा दिवसांनी एकदा पातळ द्रवखत. पाणी सकाळी, बुडाशी. पानांवर संध्याकाळी पाणी मारणं म्हणजे बुरशीला रात्रभराचं आमंत्रण.

डिसेंबर-जानेवारीत एक वेगळीच बुरशी येते, भुरी. पानावर पिठासारखी. काळ्या ठिपक्याला ओलं पान लागतं, भुरीला कोरडं पान आणि रात्रीचा गारवा. गंमत म्हणजे भर सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारला की ती मागे हटते.

डोळा

आता ते सातवं झाड. त्याच्या वीतभर काड्या मी जुलैत रेतीत लावल्या. मातीत जाणारे खालचे डोळे चाकूने खरवडून टाकले, म्हणजे पुढे खालून फुटवे येत नाहीत. मल्टिफ्लोरा आपल्या आंबट, दमट मातीत चांगला चालतो. उत्तरेकडे खारवट जमिनीत दुसरे खुंट वापरतात. फेब्रुवारीपर्यंत त्या काड्या पेन्सिलीएवढ्या झाल्या.

ज्या काडीवरचं फूल नुकतंच गळलंय तिच्यावरचे मधले डोळे घ्यावेत. पान कापायचं, पण देठाचा अर्ध्या इंचाचा तुकडा ठेवायचा. तो डोळ्याचा दांडा. खुंटावर जमिनीपासून चार बोटं वर, फक्त साल कापेल इतका, इंग्रजी 'टी'सारखा काप. साल चाकूच्या पाठीने उचलली की केळीच्या सोपटासारखी सुटली पाहिजे. सुटत नसेल तर झाडाला पाणी देऊन चार दिवस थांबावं. मग डोळ्याच्या खाली अर्धा इंच चाकू घालून वर अर्ध्या इंचापर्यंत ढालीच्या आकाराची कपची काढायची. मागे लाकडाचा पातळ पापुद्रा येतो, तो नखाने सोलून टाकायचा. इथे डोळ्याच्या मागे खळगा पडला तर डोळ्याचं मूळच निघालं. ती ढाल फेकून द्या, ती लागणार नाही. माझ्या पहिल्या वीसपैकी निम्म्या अशाच गेल्या. ढाल दांड्याने धरून सालीखाली वरून खाली सरकवायची, वर उरलेला तुकडा आडव्या कापाशी छाटायचा, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. डोळा तेवढा उघडा.

बारा-पंधरा दिवसांनी दांड्याला बोट लावा. नुसत्या स्पर्शाने तो गळून पडला तर डोळा लागला. जिवंत डोळाच आपला जुना देठ सोडून देतो. सुकून, काळा पडून चिकटून राहिला असेल तर आत काही उरलं नाही. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची, डोळा फुगला की वरचा खुंट कापायचा.

लईराईनंतर

मार्च उजाडला की फुलं लहान होत जातात. फुलकिडे कळीत शिरतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. पानं राखाडी-पिवळी दिसू लागली की उलटवून बघा. बारीक जाळी आणि हलणारे लाल ठिपके म्हणजे लाल कोळी. धूळ बसलेल्या पानांवर तो जास्त फोफावतो. आमच्याकडे २०१२ पूर्वी, खाणीचे ट्रक दिवसरात्र धावत तेव्हा, रस्त्याकडेची बाग याच महिन्यांत जात असे. औषधापेक्षा पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याची जोरदार धार चार-चार दिवसांनी मारणं मला जास्त लागू पडलं.

वैशाखात शिरगावची लईराईची जत्रा येते. तेव्हा मोगऱ्याचे दिवस, गुलाबाला कुणी विचारत नाही. ते योग्यच. जत्रा झाली की मी गुलाबाचं खत बंद करतो. पावसाच्या तोंडावर खत घातलं की कोवळी फूट येते आणि तीच पहिली बळी पडते. पहिल्या वळवाबरोबर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे निघतात आणि रात्रीत पानांची चाळण करतात. बॅटरी घेऊन हाताने वेचणं, साबणाच्या पाण्यात टाकणं.

मग पावसाची तयारी. आळी मोडून माती बुडाकडे चढवायची. जमिनीपासून वीतभरापर्यंतची पानं काढून टाकायची आणि खाली सुक्या पानांचं किंवा सोडणांच्या कुच्च्याचं आच्छादन, म्हणजे थेंबाने माती उडत नाही. गळलेलं प्रत्येक पान उचलून चुलीत. पिवळ्या कुळाच्या कुंड्या पडवीत, पण पागोळ्यांच्या आत. पागोळ्यांखालची कुंडी उघड्यावरच्या कुंडीपेक्षा जास्त भिजते. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा लिटरला दोन ग्रॅम मॅन्कोझेब, सगळ्यांना नाही, ज्यांना लागतं त्यांनाच. हिरवा गुलाब, ओल्ड ब्लश, म्युटाबिलिस बाहेरच राहतात. त्यांचीही पानं गळतात, पण जेवढी गळतात तेवढी पुन्हा येतात.

ऑगस्टात हवा एवढी दमट असते की चीनच्या घराण्याची काडी नुसती रेतीत खोचली तरी मूळ धरते. मामी ओल्ड ब्लशच्या दहा-बारा काड्या चवथीच्या आधी पडवीतल्या डब्यात लावून ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायला. हिरव्या गुलाबाचीही एक असते, पण ती कुणी नेत नाही. फूल आल्यावर बघू, म्हणतात. फूल तर काडीवर आलेलंच असतं.

मी सिकेटर उघडतो, पातं घासतो, खोबरेल लावतो आणि पुनवेपर्यंत कपाटात ठेवतो.